रोममधले अकस्मात मृत्यू आणि एका घराण्याच्या चार पिढ्या

1705 सालच्या अखेरीस रोम शहरातले लोक घाबरून गेले होते. धडधाकट दिसणारी, चालती-बोलती माणसे अचानक कोसळत आणि वैद्य येण्याआधीच प्राण सोडत. साथ म्हणावी तर ताप नव्हता, काखेत-जांघेत गाठी नव्हत्या, एकाचे दुसऱ्याला लागते आहे असेही दिसत नव्हते. जेमतेम तीन वर्षांपूर्वी, 1703 च्या सुरुवातीला, भूकंपाने हे शहर हादरले होते; कोलोसियमचा काही भागही ढासळला होता. ती धास्ती मनातून गेलेली नसताना हे नवे संकट आले. कारण कळत नसले की माणसाचे मन जिकडे धावते, तिकडेच रोमकरांचे धावले. देवाचा कोप, बिघडलेली हवा, कोणीतरी केलेला विषप्रयोग, अशा शंका घरोघर बोलल्या जाऊ लागल्या.

पोप क्लेमेंट अकरावे तेव्हा रोमचे धर्मगुरूही होते आणि राज्यकर्तेही. त्यांनी प्रार्थनेवर न थांबता एक हुकूम काढला. अकस्मात मरण पावलेल्यांचे शवविच्छेदन करावे आणि मृत्यूचे कारण शोधून काढावे. हे काम त्यांनी आपल्या खासगी वैद्याकडे सोपवले. त्या वैद्याचे नाव जोव्हान्नी मारिया लांचीझी. आनुवंशिक हृदयस्नायू-विकारांची गोष्ट सांगायची, तर सुरुवात या माणसापासून करावी लागते. जनुक हा शब्द जन्माला येण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी त्याने एका घराण्याच्या हृदयाचा आजार पिढ्यांमागून पिढ्या शोधत नेला होता.

लांचीझीचा जन्म रोममध्येच, 26 ऑक्टोबर 1654 रोजी झाला. सुरुवातीला तो धर्मशास्त्राकडे वळला होता. पण निसर्गाच्या अभ्यासाची ओढ जास्त ठरली आणि त्याने वैद्यक निवडले. वयाच्या अठराव्या वर्षी त्याने रोमच्या सापिएंझा विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. त्यानंतर काही वर्षांतच तो टायबर नदीकाठच्या सांतो स्पिरितो रुग्णालयात वैद्य म्हणून रुजू झाला. हे गोरगरिबांचे रुग्णालय होते. रोमच्या आसपासच्या दलदलीतून तापाने फणफणलेले शेतमजूर इथे येत. बेवारस, वृद्ध, वाटसरू सगळेच इथे येत. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या कोणाही डॉक्टरला हे चित्र ओळखीचे वाटेल. एकाच दिवसात इतके आजार नजरेखालून जातात, की डोळे उघडे ठेवणाऱ्याला पुस्तकाची गरज कमी पडते. लांचीझी मात्र पुस्तकेही सोडत नव्हता. तो रुग्णाच्या खाटेपाशी जितका रमे, तितकाच शवविच्छेदनाच्या टेबलापाशी आणि ग्रंथालयात.

1684 साली तो सापिएंझामध्ये शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पुढची तेरा वर्षे त्याने हे काम केले. 1688 मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी त्याला आपला वैद्य नेमले. पुढे क्लेमेंट अकरावे यांच्या कारकिर्दीत तर तो दरबारातला सर्वात विश्वासू वैद्य बनला. राजवैद्य झालेली माणसे बहुधा राजवाड्यापुरतीच उरतात. लांचीझीने आपले वजन वेगळ्या कामासाठी वापरले. बार्तोलोमेओ एउस्ताकी या शरीररचनातज्ज्ञाने 1552 साली तयार करवून घेतलेल्या ताम्रपटांवरच्या अप्रतिम आकृत्यांपैकी बहुतेक दीडशे वर्षे अप्रकाशितच राहिल्या होत्या. हे पट मिळाल्यावर पोपने ते लांचीझीकडे दिले आणि 1714 मध्ये त्याने ते स्वतःच्या टिपांसह छापले. त्याच सुमारास त्याने आपला मोठा ग्रंथसंग्रह सांतो स्पिरितो रुग्णालयाला देऊन तिथे डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय उघडले. ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

पण आपण 1706 च्या रोमकडे परत जाऊ. लांचीझीने मृतदेह उघडले. नुसते उघडले नाहीत, तर प्रत्येक मृताच्या घरच्यांकडून आणि ओळखीच्यांकडून आधीची हकिगतही मिळवली. मृत्यूपूर्वी दम लागत होता का, छातीत धडधडत होते का, पूर्वी कधी भोवळ आली होती का, खाणेपिणे कसे होते. एका बाजूला ही हकिगत आणि दुसऱ्या बाजूला शरीराच्या आत दिसलेले सत्य, अशी जोडी त्याने लावली. काहींच्या मेंदूत रक्तस्राव सापडला. काहींच्या हृदयाच्या झडपा खराब झालेल्या होत्या. काहींचे हृदय प्रमाणाबाहेर वाढलेले होते, तर काहींच्या हृदयाचे कप्पे फुगून सैल पडले होते. विष नव्हते, नवी साथही नव्हती. 1707 मध्ये त्याने हे सगळे अकस्मात मृत्यूंवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात मांडले. त्याचा निष्कर्ष साधा होता. मृत्यू अचानक आला असला, तरी बहुतेकांचा आजार अचानक आलेला नव्हता. तो शरीरात आधीपासून घर करून होता, फक्त कोणी पाहिला नव्हता.

आज हे वाक्य सोपे वाटते. त्या काळाचा विचार करा. रक्त हृदयातून निघून शरीरभर फिरते आणि परत येते, हे विल्यम हार्वेने 1628 साली छापून सांगितले होते; म्हणजे लांचीझीच्या जन्माआधी जेमतेम सव्वीस वर्षे. स्टेथोस्कोप यायला अजून शतकभर अवकाश होता. ईसीजी आणि इको तर फारच पुढची गोष्ट. जिवंत माणसाच्या हृदयात डोकावण्याचा कोणताही मार्ग नसताना लांचीझी मानेवरच्या फुगलेल्या शिरांवरून हृदयाची उजवी बाजू ताणली गेल्याचा अंदाज बांधत असे. त्या शिरांच्या ठळक उसळीला वैद्यकाचे विद्यार्थी आजही त्याच्या नावाने ओळखतात.

हृदयाचा विचार त्याने त्यानंतरही सोडला नाही. हृदयाची हालचाल, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना येणारे फुगे यांवर तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. हे फुगे का येतात, याची कारणे त्याने वेगवेगळी केली. गुप्तरोगामुळे येणारे वेगळे, इतर कारणांनी येणारे वेगळे. या कारणांच्या यादीत त्याने आनुवंशिकतेलाही जागा दिली. कारण त्याच्यासमोर एक घराणे होते.

या घराण्यात सलग चार पिढ्या हृदयाचा एकच आजार दिसत होता. कोणाला धडधड होई, कोणाचे हृदय कमजोर होत जाई, काही जण अचानक मरत. हृदयाची उजवी खालची बाजू ताणून फुगलेली आणि जागोजागी सैल पडलेली होती. एका माणसाचे असे हृदय म्हणजे एक आजार. चार पिढ्यांत पुन्हा पुन्हा तेच दिसले, तर त्याचा अर्थ वेगळा होतो. दोष त्या माणसाच्या वागण्यात, खाण्यात किंवा नशिबात नसून, तो वडिलांकडून किंवा आईकडून आलेला आहे. हा अर्थ लांचीझीच्या ध्यानात आला. तो कोणत्या वाटेने येतो, हे सांगायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हते. मेंडेलचे वाटाण्याचे प्रयोग आणखी दीड शतकानंतर व्हायचे होते.

हृदयाखेरीजही त्याने जी कामे केली, त्यांत हीच पद्धत दिसते. दलदलीच्या भागात येणाऱ्या तापावर त्याने 1717 मध्ये ग्रंथ लिहिला. दलदलीतून निघणारी हवा वाईट, हे तेव्हाचे मत त्यालाही मान्य होते. पण तिथल्या डासांकडेही त्याने बोट दाखवले आणि दलदल बुजवावी, पाण्याचा निचरा करावा असा आग्रह धरला. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये आपल्याच सिकंदराबादेत पाहिला, तो त्यानंतर 180 वर्षांनी. पोपच्या राज्यात गुरांची भयंकर साथ पसरली, तेव्हा लांचीझीने आजारी जनावरे मारून चुना टाकून खोल पुरावीत आणि गुरांची ने-आण बंद करावी, असा कठोर सल्ला दिला. संपूर्ण कारण कळले नसले तरी ते कुठे लपले आहे हे शोधायचे आणि तिथेच वाट अडवायची, असे त्याचे काम होते.

20 जानेवारी 1720 रोजी वयाच्या पासष्टाव्या वर्षी रोममध्येच त्याचे निधन झाले. हृदयावरचा त्याचा ग्रंथ तेव्हा अप्रकाशित होता. तो 1728 मध्ये छापला गेला आणि त्या घराण्याची हकिगत जगासमोर आली. नंतरच्या पिढ्यांनी ती वाचली, पण तिचे नेमके मोल कळायला अडीचशे वर्षे गेली.

ते मोल कळले इटलीतल्याच पादुआ शहरात. लांचीझीचा ज्याच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार होता, तो जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी पुढे पादुआलाच प्राध्यापक झाला होता. शवविच्छेदनातून आजाराचे कारण शोधण्याची परंपरा त्याने तिथे पक्की केली. त्याच पादुआत 1988 साली गाएतानो थिएने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आसपासच्या व्हेनेतो प्रांतात अचानक मरण पावलेल्या, पस्तिशीच्या आतल्या 60 जणांची हृदये त्यांनी तपासली. त्यांतल्या 12 हृदयांमध्ये उजव्या बाजूचा स्नायू नाहीसा होऊन तिथे चरबी आणि चिवट तंतू भरलेले होते. या आजाराला आज अॅरिद्मोजेनिक कार्डिओमायोपथी म्हणतात. लांचीझीने वर्णन केलेल्या घराण्यात हाच आजार असावा, असे या विषयाचे अनेक अभ्यासक मानतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या मृतांची जनुके तपासता येणार नाहीत. पण वर्णन इतके जुळते, की आजाराचा इतिहास सांगताना त्याचे नाव सुरुवातीला घेतले जाते.

आता तो चुकलेला दुवा पाहू. हृदयाच्या स्नायूतल्या पेशी एकमेकींना अतिशय सूक्ष्म टाक्यांनी जोडलेल्या असतात. गोधडी जशी टाक्यांमुळे एकसंध राहते, तसे हे आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी या टाक्यांवर ताण येतो. टाके ज्या प्रथिनांचे बनतात, त्यांपैकी एखाद्याचे जनुक सदोष असेल तर टाके हळूहळू उसवतात. पेशी मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतू येतात. अशा ठिकाणी हृदयाची वीज नीट वाहत नाही, वाट चुकते आणि ठोक्यांची लय एकदम बिघडते. जोराच्या व्यायामाने टाके लवकर उसवतात, म्हणून हा आजार खेळाडूंमध्ये अनेकदा धावताना-खेळताना उघडकीला येतो. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर जन्मतः लोकरीसारखे केस, जाड तळवे आणि हा हृदयविकार असलेली काही कुटुंबे आहेत. त्यांच्यातला दोष 2000 साली सापडला, तो टाक्यांमधल्याच एका प्रथिनाच्या जनुकात.

दुसरा आणि अधिक आढळणारा आनुवंशिक विकार म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणे, अर्थात हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. साधारण 500 माणसांमागे एकाला तो असतो. इथे बिघाड टाक्यांत नसून, स्नायूला आकुंचन देणाऱ्या यंत्रणेच्या प्रथिनांत असतो. त्याचे पहिले सदोष जनुक 1990 साली कॅनडातल्या एका मोठ्या कुटुंबात सापडले. या दोन्ही विकारांची वाटणी बहुतेकदा सारखीच होते. आई-वडिलांपैकी एकाकडे सदोष जनुक असले, तर प्रत्येक अपत्यात ते उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. जनुक असूनही काहींना आयुष्यभर त्रास होत नाही, काहींना विशीत होतो. म्हणूनच एखादी पिढी सुटल्यासारखी वाटते आणि घरचे लोक हा योगायोग समजतात.

भारतीयांसाठी यात एक वेगळी नोंद आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत केलेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातला 25 अक्षरांचा तुकडा गळालेला असणे, हा बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांमध्ये आढळतो, असे त्यातून दिसले. हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. धोका वयानुसार वाढतो आणि त्याला इतर कारणांची जोड लागते. त्यामुळे घाबरायचे कारण नाही. पण हृदयाचा स्नायू बिघडलेला दिसला, की दारू, विषाणू किंवा रक्तदाब एवढ्यावर न थांबता घराण्याचीही चौकशी करायला हवी, एवढे त्यातून नक्की कळते.

हीच चौकशी आपल्याकडे होत नाही. तरणाताठा मुलगा कबड्डी खेळताना किंवा पोलीस भरतीची धाव धावताना कोसळतो. घरचे लोक देहाची विटंबना नको म्हणून शवविच्छेदनाला विरोध करतात. ते झालेच, तर विषबाधा नाही ना, मारहाण नाही ना, एवढे पाहून कागद बंद होतो. हृदय बारकाईने तपासले जातेच असे नाही आणि धाकट्या भावाला तपासून घ्या असे घरच्यांना कोणी सांगत नाही. मग कारणाची रिकामी जागा दुसरे काहीतरी भरून काढते. नजर लागली, करणी झाली, अमावस्येला बाहेर पडला होता. मृत मुलाचे नुकतेच लग्न झालेले असेल, तर सगळ्याचा ठपका त्या मुलीवर येतो. पांढऱ्या पायाची म्हणून तिला माहेरी पाठवलेल्या घरांतून, काही वर्षांनी दुसरा मुलगाही तसाच गेलेला आम्हा डॉक्टरांना पाहावा लागतो. दोष त्या घराच्या रक्तात ती उंबरा ओलांडण्याच्या कितीतरी आधीपासून होता. कोणी विचारले असते तर ती मुलगी कलंकातून वाचली असती आणि कदाचित तो दुसरा मुलगाही.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. कुटुंबात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल, पोहता येत असूनही बुडाले असेल, धावताना किंवा दचकल्यावर शुद्ध हरपत असेल, फिट्सचे औषध चालू असूनही झटके थांबत नसतील, तर त्या व्यक्तीचे आई-वडील, सख्खी भावंडे आणि मुले यांनी हृदयरोगतज्ज्ञांकडून ईसीजी आणि इको करून घ्यावा. एकदा तपासणी बरोबर आली म्हणजे सुटलो असे नाही. वाढत्या वयाच्या मुलांची ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. शवविच्छेदनाला नकार देऊ नये. अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी. जनुक चाचणी आधी आजार असलेल्या व्यक्तीची करायची असते. तिच्यात दोष सापडला तरच इतरांची चाचणी उपयोगी पडते. ज्याच्यात दोष निघेल, त्याला औषधे आहेत, कोणता व्यायाम करावा आणि कोणता टाळावा याचा सल्ला आहे, आणि गरज पडल्यास लय बिघडताच आतून झटका देऊन ती सावरणारे छोटे यंत्र छातीत बसवता येते. इटलीने 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची हृदयतपासणी कायद्याने सक्तीची केली. त्यानंतरच्या दोन दशकांत व्हेनेतो प्रांतातल्या तरुण खेळाडूंच्या अकस्मात मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ 90 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

लांचीझीकडे यातले काहीही नव्हते. औषध नव्हते, यंत्र नव्हते, त्या चार पिढ्यांतल्या एकालाही तो वाचवू शकला नसता. त्याने मृताच्या शरीरात पाहिले आणि घरातल्या जिवंत माणसांची विचारपूस केली. आपल्या जिल्हा रुग्णालयातही एवढे करता येते. पुढच्या वेळी ओळखीच्या घरात असा मृत्यू झाला, तर सांत्वनाला जाताना दिवस-कार्य उरकल्यावर एवढेच सांगा, की उरलेल्या मुलांचा ईसीजी आणि इको काढून घ्या.